अर्धा अवायो भिंतीवर कशासाठी?

प्रति,
मा. संचालक आणि वस्त्रविभागातील सर्व अधिकारी

(संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र ज्यांना गेलं त्यांना ते ठाऊक आहे. शिवाय इथे मांडलेलं बरंचसं इतर संग्रहालयांना आणि खासगी संग्राहकांनाही लागू पडतं.)

विषय : आयमारा या आदिवासी समाजाच्या वस्त्रांची मांडणी, त्यांच्या पाट्या आणि त्यांचा उगम

महोदय,

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या वस्त्रांच्या आपल्या प्रदर्शनाला आपण मुदतवाढ दिलीत. मुदत वाढली, पण मांडणी तीच राहिली आणि पाट्याही त्याच. या मांडणीत काय चुकतंय ते मी आणि माझ्यासारख्या आणखी काही विणकरांनी आपल्याला लेखी कळवलं होतं. त्यावर आपल्या कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं : मांडणी प्रचलित पद्धतीला धरून आहे आणि वस्तूंची माहिती मूळ नोंदवहीप्रमाणे आहे. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. इंग्रजी पत्र आपल्याकडे पोचलेलं आहेच. मराठीत लिहिण्याचं कारण असं की या शहरात मराठी माणसं पुष्कळ आहेत. सुट्टीच्या दिवशी ती पोराबाळांना घेऊन आपल्या दालनात येतात, काचेखालचं वाचतात आणि वाचलेलं खरं मानतात.

मी कोण आणि मला याचं काय पडलंय, ते आधी सांगते. मी माणदेशातल्या सांगर घरातली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणली जायची. धनगर बायका लोकर कातून सूत द्यायच्या, त्याला चिंचोक्याची खळ लागायची आणि खड्ड्याच्या मागावर वडील बसायचे. ज्या घोंगडीवर खंडोबाची तळी भरतात, तिच्याकडे आमच्या भागात कुणी नुसतं पांघरूण म्हणून बघत नाही. या देशात आल्यावर मी हातमाग शिकवू लागले. तिथेच बोलिव्हियातल्या एल आल्तो शहराहून आलेल्या एका आयमारा बाईंची ओळख झाली आणि जमिनीवरच्या मागाचं काम मी त्यांच्याकडे शिकले. आपल्या दालनात जे टांगलंय ते कसं तयार होतं, हे माझ्या बोटांना आणि गुडघ्यांना ठाऊक आहे. त्या हक्काने लिहिते आहे.

आयमारा लोक बोलिव्हिया, पेरू आणि चिली या तीन देशांत मिळून अंदाजे वीस लाख आहेत. तितिकाका सरोवराभोवतालचं त्यांचं पठार समुद्रसपाटीपासून 3,800 मीटर उंच आहे. तिथे लामा, अल्पाका आणि मेंढ्या पाळतात आणि त्यांच्याच लोकरीचं कापड होतं. पायाने चालवायचा माग तिथे स्पॅनिश लोकांबरोबर आला आणि तो बहुधा पुरुषांच्या हाती राहिला. दोरखंड आणि गोफणी वळणं हेही त्यांच्याकडेच. जमिनीवरचा माग मात्र बायकांचा, आणि तो स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. मुलगी शेळ्या-मेंढ्यांमागे फिरता फिरता टकळीवर सूत काढायला शिकते. मग अरुंद पट्टा, मग कोकाची पानं ठेवायचं लहानसं वस्त्र, असं करत करत ती मोठ्या कापडाकडे येते. तिचं वय आणि तिच्या विणीची रुंदी बरोबरीनेच वाढतात.

आता या मागाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या तक्रारी त्याच्यापाशी येऊन ठेपतात. जमिनीत चार खुंट्या ठोकतात. दोन-दोन खुंट्यांना एकेक दांडी बांधतात आणि या दोन दांड्यांमध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, भरतात. धागा कुठेही तोडत नाहीत, एका दांडीकडून दुसरीकडे तो आठाच्या आकड्यासारखा फिरत राहतो. ताणा इतका दाट असतो की बाणा, म्हणजे आडवा धागा, आत लपून जातो आणि रंग, नक्षी, पट्टे सगळं उभ्या धाग्यांतच दिसतं. बाई मागासमोर जमिनीवर बसते. तिच्या हातात लामाच्या पायाच्या हाडाचं टोकदार हत्यार असतं, त्याला विचुन्या म्हणतात. त्याने ती धागे उचलते आणि बाणा ठोकून बसवते. एका टोकाकडून थोडं विणलं की दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत येतात. शेवटी मध्ये चार बोटांची जागा उरते. तिथे ताणा असा ताठ झालेला असतो की धागे वर उचलणारी दांडी काढून घ्यावी लागते. मग सुईने एकेक धागा मोजत, वर-खाली करत ती जागा भरायची. मला शिकवणाऱ्या बाई या चार बोटांसाठी दिवसच्या दिवस द्यायच्या आणि त्या वेळात कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. काम संपलं की चारही बाजूंनी काठ असलेलं वस्त्र दांड्यांवरून उतरतं. ते कात्रीने कापून काढलेलं नसतं आणि त्याचा एकही धागा सुटा नसतो. जेवढं हवं तेवढंच आणि तसंच ते विणलेलं असतं.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर तक्रार दालनात शिरताच समोर दिसणाऱ्या चौकटीबद्दल आहे. तिच्यातलं गडद लाल कापड आपल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही आहे. पाटी म्हणते, आधुनिक चित्रकलेची आठवण करून देणारी धाडसी असममित रचना. महोदय, ती रचना असममित नाही. तो अर्धा अवायो आहे. अवायो म्हणजे खांद्यावर घ्यायचं, बाळ आणि ओझं पाठीला बांधायचं वस्त्र. तो दोन पाटांचा असतो. दोन्ही पाट वेगवेगळे विणतात, एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यात दिसेल असे, आणि मग मधोमध शिवून जोडतात. आपल्या चौकटीतल्या कापडाच्या एका कडेला नक्षीचे पट्टे दाटीने आहेत आणि दुसरी कड मोकळी आहे, कारण त्या मोकळ्या कडेला त्याचा जोडीदार शिवलेला होता. नीट पाहिलंत तर त्या काठाला शिवणीची छिद्रं आणि उसवलेल्या दोऱ्याची दोन-तीन टोकं अजून दिसतात. मी ती काचेतूनच पाहिली. शिवण कुणीतरी उसवली, बहुतेक एकाची दोन गिऱ्हाइकं करायला. ते पाप आपलं नसेल. पण उसवलेल्या अर्ध्याला पूर्ण कलाकृती म्हणून आपण गौरवता आहात आणि ज्या उणिवेकडे बोट दाखवायला हवं, तिचंच कौतुक छापून वाटता आहात.

अवायोत बाळ पाठीला बांधतात. बाजारातून बटाटे, किनवा नावाचं धान्य, लाकूडफाटा त्यातूनच घरी येतो. सामुदायिक जेवणाला प्रत्येक घर आपापलं अन्न घेऊन येतं आणि ते जमिनीवर अंथरलेल्या अवायोंवर एकत्र मांडतात, त्याला आप्थापी म्हणतात. सणाला, लग्नाला, गावच्या कारभाऱ्याच्या खांद्यावर हे वस्त्र असतं. ते आडवं, तिरपं, गाठ मारून, घडी घालून वापरायचं असतं. अर्ध्याची गाठसुद्धा बसणार नाही.

दुसरी तक्रार धान्याच्या पिशवीबद्दल. पांढऱ्या, तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांची ही पिशवी आपण दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून, सपाट करून, उभी टांगली आहे. अशा पिशव्यांचा सगळ्यांत बारकाईने अभ्यास झाला तो चिलीच्या उत्तरेकडच्या इस्लूगा या आयमारा गावात. वेरोनिका सेरेसेदा यांनी 1978 साली तो प्रसिद्ध केला आणि अँडीजच्या वस्त्रांबद्दल लिहिणारा कुणीही तो टाळून पुढे जाऊ शकत नाही. तिथल्या विणकर बायकांच्या लेखी पिशवीला शरीर असतं. मधला पट्टा हे तिचं काळीज. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला पट्ट्यांच्या जोड्या असतात आणि वर तोंड असतं. ही पिशवी उलगडून सपाट केली की तिचं तोंड दोन टोकांना फाटतं आणि तळ मधोमध येऊन बसतो. आपल्या पाटीवर एवढंच आहे : पट्ट्यांचं कापड, वापर अनिश्चित. वापर अनिश्चित का, तर तो समजण्याजोगा आकार आपल्याकडेच मोडला गेला म्हणून. आपल्याच जुन्या नोंदपुस्तिकेत या पिशवीचं शिवणीसकट छायाचित्र आहे, तेव्हा हे आपल्याकडे आल्यानंतर झालं यात शंका नाही.

बोलिव्हियात ओरुरो विभागातलं काकाचाका आणि आसपासच्या गावांतल्या बायका वस्त्राला जिवंतच मानतात. विणत जाणं म्हणजे त्याला अंग देत जाणं. याच काकाचाकातल्या विणकर आणि कवयित्री एल्विरा एस्पेहो आयका यांनी ला पासच्या राष्ट्रीय मानववंश आणि लोकसंस्कृती संग्रहालयाचं संचालकपद सांभाळलं आणि 2020 साली त्यांना जर्मनीचं गोएथे पदक मिळालं. लामा पाळण्यापासून कापड उतरेपर्यंतच्या कामाला त्या परस्परांना वाढवणं म्हणतात : माणूस जनावराला वाढवतो, जनावर माणसाला, आणि वस्त्रही माणसाला. हे सांगायला विणकर बाई स्वतः संग्रहालयाच्या खुर्चीवर बसली, तिने लिहिलंय, भाषणं दिलीत. आपल्या दालनात मात्र तिच्या लोकांची बाजू ऐकायला एक वाक्यही नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. प्रत्येक पाटीवर विणणाऱ्याच्या जागी 'अज्ञात' लिहिलं आहे. ती अज्ञात नव्हती. तिच्या गावाला ती माहीत होती, तिच्या लेकीला आणि सुनेला माहीत होती, आणि तिची वीण बघून शेजारच्या गावची बाईसुद्धा ती कुठली हे सांगू शकली असती. कापड विकत घेणाऱ्याने तिचं नाव विचारलं नाही, एवढंच खरं आहे आणि पाटीवर तेवढंच लिहावं. गावाचं, आयल्यूचं (म्हणजे एका कुळाच्या, एकत्र जमीन राखणाऱ्या लोकांच्या गटाचं) नाव कुठेच नाही. सगळं 'अँडीज, एकोणिसावं-विसावं शतक' या एका ओळीत. आमच्या घोंगडीवर आणि पैठणीवरही विणणाऱ्याचं नाव नसतं, म्हणून ही जखम मला परकी वाटत नाही.

याच पाट्यांवर 'लोप पावलेली परंपरा' असंही आहे. ला पास आणि एल आल्तोच्या रस्त्यावर आज सकाळीही हजारो बायकांच्या पाठीवर अवायो असेल. त्यांतले पुष्कळ यंत्रावरचे, कृत्रिम धाग्याचे आहेत हे खरं. हातविणीच्या अवायोला महिने लागतात आणि त्याचे पुरेसे पैसे देणारी माणसं कमी. पण म्हणून वीण मेलेली नाही, तिची किंमत मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कारखान्यातले रंग पठारावर पोचले तेव्हा बायकांनी ते हौसेने उचलले आणि तेव्हापासून तो झगझगीत गुलाबी त्यांचा झाला. आपण मात्र फक्त वनस्पती आणि कोचिनील किड्याच्या रंगांची वस्त्रं निवडून बाकीची 'बिघडलेली' ठरवली आहेत. तो निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? 1781 साली पेरूतल्या तुपाक अमारूचा स्पॅनिश सत्तेविरुद्धचा उठाव चिरडल्यावर स्पॅनिश अधिकाऱ्याने इंका पोशाखावर बंदी घातली होती. त्याच वर्षी आयमारा पुढारी तुपाक कतारी आणि बार्तोलिना सिसा यांनी ला पासला वेढा दिला होता. आपण काय नेसायचं हे त्या लोकांना बाहेरच्यांनी आधीच फार सांगून झालंय.

चौथ्या तक्रारीवर आपण खरोखर थांबून विचार करावा. आपल्या नोंदीत या संग्रहातली बरीच वस्त्रं 1980 च्या दशकात 'खासगी संग्राहकाकडून' आलेली दिसतात. कुठून, कशी, कुणाच्या संमतीने, काही नाही. त्या दशकात पोतोसी विभागातल्या कोरोमा गावात काय झालं ते वस्त्रांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. आयमारा वारशाच्या या गावात पूर्वजांची वस्त्रं गाठोड्यांत बांधून ठेवलेली असत. एकेका आयल्यूचं एकेक गाठोडं, त्याचा सांभाळ गावच्या कारभाऱ्याकडे, आणि वर्षातून एकदा, 1 नोव्हेंबरच्या सुमाराला, कोका आणि मद्य वाहून ती उघडायची. त्या वस्त्रांत पूर्वजांचं वास्तव्य आहे असं गाव मानतं. त्यांची मालकी कुणा एकाची नव्हतीच, तेव्हा ती कुणी एकटा विकूही शकत नव्हता. 1982-83 च्या दुष्काळात लोक हलाखीत असताना परदेशी व्यापाऱ्यांनी दलालांमार्फत ती गाठोडी रिकामी केली. 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विक्री-प्रदर्शनाच्या जाहिरातीच्या पोस्टकार्डावर त्यांतली वस्त्रं ओळखू आली. बोलिव्हियाच्या संशोधक क्रिस्तिना बुब्बा सामोरा आणि कोरोमाचे लोक वर्षानुवर्षं मागे लागले. मार्च 1989 मध्ये अमेरिकेने कोरोमाच्या जुन्या विधिवस्त्रांच्या आयातीवर तातडीची बंदी घातली आणि 1992 साली चाळीसहून अधिक वस्त्रं बोलिव्हियाला परत केली. बाकीची अजून कुठे कुठे भिंतींवर आणि कपाटांत आहेत.

आपल्याकडचं काही कोरोमाचं आहे असा आरोप मी करत नाही. पण ते नाही असं आज आपणही म्हणू शकत नाही, कारण आपल्याकडे कागदच नाहीत किंवा असतील तर ते आपण दाखवत नाही. सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदा व्यवहाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा आहे, बोलिव्हियाने तो 1976 साली मान्य केला. आदिवासी लोकांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा 2007 चा, तो बोलिव्हियाने त्याच वर्षी स्वतःचा कायदाच केला. संमतीवाचून नेलेल्या वस्तूंबाबत दाद मिळण्याचा हक्क आणि आपल्या वारशावर स्वतःचा ताबा असण्याचा हक्क, दोन्ही त्यात लिहिलेले आहेत. जुन्या नोंदवहीत नाही, हे उत्तर त्यापुढे टिकत नाही.

पाचवी तक्रार आपल्या दुकानाची. त्या उसवलेल्या अवायोची नक्षी छापलेल्या पिशव्या, रुमाल आणि कप तिथे विकायला आहेत. या पैशातला एक पैसा तरी एखाद्या आयमारा विणकर संस्थेला जातो का, असं मी विचारलं होतं. उत्तर नाही.

तर माझ्या मागण्या अशा. अर्धा अवायो चौकटीतून काढावा, आणि दाखवायचाच असेल तर तो अर्धा आहे, त्याची शिवण उसवलेली आहे हे पाटीवर ठळक लिहून, आडवा ठेवून दाखवावा. त्याचा दुसरा पाट कुणाकडे आहे याचा शोध घेण्यासाठी छायाचित्र आणि मापं जाहीर करावीत, कदाचित तो दुसऱ्या कुणा संग्राहकाकडे अशीच स्तुती ऐकत असेल. धान्याची पिशवी जुन्या छायाचित्राप्रमाणे पुन्हा पिशवीच्या आकारात ठेवावी आणि यापुढे एकाही वस्त्राची शिवण, काठ किंवा गाठ उसवू नये. 'अज्ञात' हा शब्द सगळ्या पाट्यांवरून काढून 'विणणारीचं नाव नोंदवलेलं नाही' असं लिहावं, गाव कळत असेल तिथे गाव लिहावं. या कामासाठी आयमारा विणकर बायकांना बोलवावं, तज्ज्ञ म्हणून, आणि प्राध्यापकांना देता तेवढंच मानधन देऊन. 1970 नंतर संग्रहात आलेल्या प्रत्येक अँडीज वस्त्राची मिळवल्याची कागदपत्रं उघड करावीत. ज्यांची कागदपत्रं नाहीत त्यांची छायाचित्रं बोलिव्हिया, पेरू आणि चिलीच्या सांस्कृतिक खात्यांना पाठवावीत, आणि एखाद्या गावाने आपलं वस्त्र ओळखून परत मागितलं तर ते त्याच्या स्वाधीन करावं. दुकानातल्या छापील वस्तूंची विक्री संबंधित विणकर संस्थांशी लेखी करार होईपर्यंत थांबवावी.

यातलं पाट्यांचं आणि पिशवीचं काम महिन्याभरात होण्यासारखं आहे, त्यासाठी लागेल ती मदत मी आणि माझ्याबरोबरच्या विणकर विनामूल्य करू. कागदपत्रांना वेळ लागेल हे मला कळतं, पण काम कधी सुरू होणार याची तारीख द्यावी. घरात अँडीजचं कापड असलेल्या मराठी वाचकांनाही विनंती, त्याचे चारही काठ शाबूत आहेत का ते बघा, कुठून घेतलं ते आठवत असेल तर लिहून ठेवा, आणि कापायला काढू नका.

आपलं उत्तर, जे असेल ते, आपल्या दालनाच्या दारावर लावावं अशी विनंती.

कळावे,
आपली,
घोंगडी विणणाऱ्या घरातली एक विणकर